दाराबाहेरचे इक्बालभाई

गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सहाला दोन मिनिटं कमी असताना, इक्बाल मुजावर यांनी फ्रीमेसन लॉजच्या अध्यक्षांना लॉजच्याच दारात अडवलं. अध्यक्षांच्या गळ्यात पदाचा पट्टा होता आणि हातात सभा सुरू करायचा लाकडी हातोडा होता. सभेला येताना प्रत्येक सभासदाने बांधायचाच असा ॲप्रन मात्र कमरेला नव्हता. तो मोटारीच्या डिकीत राहिला होता आणि मोटार घेऊन ड्रायव्हर पेट्रोल भरायला गेला होता. मोटार परत यायला अठरा मिनिटं लागली. तेवढा वेळ अध्यक्ष पायरीवर उभे होते आणि आत अकरा सभासद अध्यक्षांची वाट बघत होते. मुजावर यांनी आपल्या वहीत, अडवलेल्यांसाठी ठेवलेल्या लाल शाईने, नोंद केली : "मास्टर. ॲप्रन नाही. थांबवले."

अध्यक्ष डॉ. बिराजदार हाडांचे डॉक्टर आहेत. मुजावर यांचा डावा गुडघा त्यांनीच तीन महिन्यांपूर्वी बदलून दिला होता. त्याच गुडघ्यावर तलवार आडवी ठेवून मुजावर खुर्चीत बसले होते.

"इक्बालभाई, मला ओळखता ना तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"वळखतो की. पण हमी न्हाई."

हे मी स्वतः पाहिलं. पायरीवर मी डॉक्टरांच्या मागे उभा होतो.

सोलापुरात फ्रीमेसनांची, म्हणजे बंद दाराआड सभा घेणाऱ्या जगभरच्या एका जुन्या बंधुसंघाची, इमारत आहे हे बऱ्याच सोलापूरकरांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांतले निम्मे तिला भूतबंगला म्हणतात. आत माणसाची कवटी असते, सभासदांना जिवंत पेटीत झोपवतात, असं मी लहानपणी ऐकलं होतं. आठ वर्षांपूर्वी सभासद झालो तेव्हा आत काय असतं ते कळलं. ते लिहायचं नाही असं वचन मी दिलेलं आहे. एवढंच सांगतो की बराचसा वेळ मागच्या सभेचं इतिवृत्त वाचण्यात जातो.

इक्बालभाईंबद्दल मात्र मोकळेपणाने लिहिता येतं, कारण त्यांची सगळी कारकीर्द दाराबाहेर झाली. फ्रीमेसनांच्या प्रत्येक लॉजला एक दारवान असतो. त्याला टायलर म्हणतात. सभा चालू असेपर्यंत तो उपसलेली तलवार घेऊन बंद दाराबाहेर बसतो आणि परक्या माणसाला आत जाऊ देत नाही. येणारा आपला आहे की परका, हे काही ठरलेल्या प्रश्नांवरून ओळखायचं असतं. उत्तरं आली तर आत. उत्तरं आली नाहीत, तर ज्याने पूर्वी त्या माणसाबरोबर सभेत बसून पाहिलं आहे अशा सभासदाने हमी द्यायची, मग आत.

इतर गावांत हे प्रश्न फक्त पाहुण्यांना विचारतात. इक्बालभाई सगळ्यांना विचारतात, दर वेळी. मी आठ वर्षांत आजारपणं सोडून प्रत्येक सभेला गेलो आहे आणि प्रत्येक वेळी त्यांनी माझ्याकडे जन्मात पहिल्यांदा पाहत असल्यासारखं पाहिलं आहे. त्याआधी पाच मिनिटं फाटकाशी त्यांनी मला "लेकीची परीक्षा झाली का वो?" असं विचारलेलं असतं. फाटकातले इक्बालभाई वेगळे आणि खुर्चीतले वेगळे. मध्ये सात पावलं आहेत.

इमारत एक असली तरी लॉज दोन आहेत. एकीची सभा दुसऱ्या शनिवारी, दुसरीची चौथ्या. आमची दुसऱ्या शनिवारची. दोन्हींचे सभासद एकमेकांना बंधू म्हणतात आणि पंख्याचं रेग्युलेटर कुणी बिघडवलं यावरून एकमेकांना पत्रं लिहितात. तलवार एकच आहे. ती आमची, असं दोन्ही लॉजचं म्हणणं आहे. दोन्हींचे टायलर इक्बालभाईच असल्यामुळे हा वाद त्यांच्यापर्यंत आला होता. त्यांनी आम्हाला सांगितलं, तुमचीच हाय. त्यांनाही सांगितलं, तुमचीच हाय. तलवारीला धार नाही. तिला ते शिलाई मशीनचं तेल लावतात.

टायलर होण्याआधी इक्बालभाई एसटीत होते. सोलापूर स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या केबिनमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली. 'हमी न्हाई' हा शब्द तिथला. करमाळा गाडी कधी येणार, असं खिडकीशी येऊन कुणी विचारलं की ते तक्ता बघून वेळ सांगायचे आणि पुढे म्हणायचे, "हमी न्हाई." यात उद्धटपणा नव्हता. सुरुवातीच्या काळात त्यांनी एका बाईला वैराग गाडी नक्की येईल असं सांगितलं होतं. गाडी बार्शीजवळ बंद पडली आणि बाई दोन लहान मुलांना घेऊन अंधार पडेपर्यंत बाकावर बसून राहिली. "त्या दिवसापासनं आपन वेळ देतो, हमी देत न्हाई," असं ते सांगत.

निवृत्तीनंतर ही सवय केबिनमधून घरी आली. शेजाऱ्याच्या मुलाच्या पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला आले. इक्बालभाईंनी मुलाचं नाव, वय, शाळा, कॉलेज सगळं बिनचूक सांगितलं. मुलगा चांगला आहे ना, या प्रश्नावर ते म्हणाले, "आजपतुर हाय." पासपोर्टला दोन महिने जास्त लागले. त्यांच्या मुलीला बघायला मंडळी आली तेव्हा स्वयंपाक कसा करते या प्रश्नालाही त्यांनी चांगला करते, पण हमी न्हाई, असं उत्तर दिलं म्हणतात. हे ऐकीव आहे. मुलीचं लग्न त्याच घरात झालं, हे खरं आहे.

दोन वर्षांपूर्वी दोन्ही लॉजनी मिळून वैरागला डोळ्यांचं शिबिर घेतलं. रांगेची जबाबदारी इक्बालभाईंकडे होती. त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात खडूने फलाट आखले. मोतीबिंदू एक नंबरला, चष्मे दोन नंबरला. नंबर पुकारायला त्यांना माईक लागला नाही. अकरा वाजेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग एका म्हातारीने त्यांना विचारलं, "आपरेशन केल्यावर दिसंल का रं बाबा?" इक्बालभाई म्हणाले, "दिसंल मावशी. हमी न्हाई." म्हातारी उठून घराकडे चालू लागली, तिच्यामागे आणखी चौघी उठल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना परत आणलं आणि इक्बालभाईंना पाण्याच्या पिंपाजवळ नेऊन बसवलं. जेवणाच्या सुट्टीत ते पिंपाशी नव्हते. ते त्या म्हातारीच्या घरी जाऊन तिच्या शेरडांना पाला टाकून आले होते. आपण इथे बसून राहिलो तर शेरडांना पाला कोण टाकणार, हा तिचा दुसरा प्रश्न होता.

लॉज म्हणजे राहायची जागा, असं समजून बॅगा घेऊन येणारे वर्षातून एक-दोघे असतातच. इक्बालभाई खुर्चीतून उठत नाहीत. तलवारीच्या टोकाने चौकाची दिशा दाखवतात. तिथे खोली मिळेल, असं सांगतात. पुढे काय म्हणतात ते वाचकांना आता माहीत आहे.

सभेनंतर खालच्या हॉलमध्ये जेवण असतं. शेंगाची चटणी, कडक भाकरी, एक रस्सा, मठ्ठा. जेवताना उभं राहून शुभेच्छा द्यायची पद्धत आहे. पेल्यात काय असावं याबद्दल आमच्याकडे मतभेद झाले होते आणि मठ्ठ्यावर एकमत झालं. शेवटची शुभेच्छा टायलरने द्यायची, हा जगभरचा रिवाज. ती अडचणीत सापडलेल्या बांधवांसाठी असते. ते जमिनीवर असोत नाहीतर पाण्यावर, त्यांचा त्रास लवकर संपो आणि ज्यांना घरी परतायचं आहे ते सुखरूप परतोत, असा तिचा आशय. इक्बालभाई ती स्टँडवरच्या आवाजात देतात. 'सुखरूप घरी पोचोत' इथे ते थांबतात, आणि सगळा हॉल पेले उंचावून एका सुरात ओरडतो, "हमी न्हाई!" ही पद्धत कुणी सुरू केली ते नोंदलेलं नाही. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना वाटतं की हा रिवाजाचाच भाग आहे. एकाने ते लिहून नेलं.

हमी न देण्याबाबत ते दारात किती ताठ होते याचं एक उदाहरण याच पाहुण्यांतलं आहे. पुण्याचे एक त्वचारोगतज्ज्ञ चौथ्यांदा आमच्याकडे आले आणि ऐन दारात उत्तर विसरले. इक्बालभाई टायलर होण्यापूर्वी सहा वर्षं साधे सभासद होते आणि त्या काळात हे गृहस्थ त्यांच्यासमोर सभेत बसलेले होते. म्हणजे इक्बालभाईंना स्वतःला हमी देता आली असती. पाहुण्यांनी तसं सुचवलं. इक्बालभाईंनी दारावर थाप मारून आतून डॉ. बिराजदारांना बोलावून घेतलं, त्यांच्याकडून हमी घेतली, वहीत त्यांची सही घेतली. वहीतल्या शेवटच्या रकान्याचं नावच 'हमी' आहे. इक्बालभाई टायलर झाल्यापासूनच्या बावीस वर्षांत त्या रकान्यात अनेकांच्या सह्या झाल्या. इक्बालभाईंची एकही नव्हती.

आता घुले वकिलांबद्दल.

वसंतराव घुले मंगळवेढ्याचे. वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं ते सकाळच्या गाडीने सोलापूरच्या कोर्टात येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. आमच्या लॉजचे ते सगळ्यात जुने सभासद. चार-पाच वर्षांपासून त्यांना विसर पडू लागला. आधी नावं गेली, मग वर्षं. सभेला मात्र ते दर दुसऱ्या शनिवारी येत. पावणेसहाला रिक्षा फाटकाशी थांबे, काळ्या कोटातले वकील उतरत आणि इक्बालभाई त्यांना तलवारीने अडवत. प्रश्न होत. वकील कोर्टात उभे राहिल्यासारखे ताठ उभे राहून एकेक उत्तर देत. एकही चुकत नसे. मग ते "बरोबर?" असं विचारत, इक्बालभाई "बरुबर. जावा आत" म्हणत, आणि वकील आत जाऊन झोपत.

आम्हाला हा प्रकार थोडा निर्दय वाटे. म्हाताऱ्या माणसाला तरी सोडावं, असं मी एकदा इक्बालभाईंना बोललो होतो. त्यांनी मला माझे प्रश्न विचारले.

पुढची गोष्ट दाराआतली आहे. अध्यक्षांची परवानगी घेऊन लिहितो. एप्रिलच्या सभेत, सगळे गंभीरपणे उभे असताना, घुले वकील जागे झाले, उठले आणि अध्यक्षांना म्हणाले, "युवर ऑनर, पुढची तारीख मिळावी." डॉ. बिराजदारांनी त्यांना मेचा दुसरा शनिवार दिला. वकील आभार मानून खाली बसले.

त्या रात्री जेवणात आमचे सचिव रवी चिलका यांनी विषय काढला. चिलका टॉवेलची निर्यात करतात, सभासदांत सगळ्यात तरुण आहेत आणि वाईट मनाचे नाहीत. वकील जिन्यावर पडले तर काय, असं त्यांचं म्हणणं होतं. शाल द्यावी, सन्माननीय सभासद करावं आणि घरी बसू द्यावं. बऱ्याच जणांना ते पटलं. इक्बालभाई मठ्ठा पीत होते. ते म्हणाले, "मानूस दारात उत्तर देतो का न्हाई?"

"देतो," चिलका म्हणाले.

"मग तो सभासद हाय. ज्या दिवशी देनार न्हाई त्या दिवशी रूलपरमानं जे हाय ते हुईल."

चिलकांनी हे लगेच मान्य केलं आणि मेच्या सभेत रीतसर ठराव आणला. घुले वकील दारातली उत्तरं देत आहेत तोवर येतील. ज्या दिवशी उत्तर येणार नाही, त्या दिवशी त्यांच्यासाठी सभेतल्या कोणीही हमी द्यायची नाही. त्यांना मानाने घरी पोचवायचं आणि पुढच्या महिन्यापासून बोलवायचं नाही. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. इक्बालभाई दाराबाहेर होते. त्यांचं मत कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

जूनमध्ये मी ज्वारीच्या भावाच्या एका बातमीसाठी मंगळवेढ्याला गेलो होतो. तो दुसरा शनिवार होता. काम आटोपून दुपारी स्टँडवर आलो तर सोलापूर गाडीत खिडकीशी घुले वकील बसले होते आणि त्यांच्या शेजारी इक्बालभाई. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत इस्त्री केलेले दोन ॲप्रन होते.

खाली वकिलांचा मुलगा उभा होता. त्याचं गावात औषधांचं दुकान आहे. त्याच्याकडून कळलं ते असं. वकिलांना एकट्याने प्रवास करता येईना तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, दर दुसऱ्या शनिवारी इक्बालभाई सकाळच्या गाडीने मंगळवेढ्याला येतात, दुपारी वकिलांना घेऊन जातात, साडेआठच्या गाडीने परत आणतात, रात्री त्यांच्याकडेच झोपतात आणि रविवारी पहिल्या गाडीने सोलापूरला जातात. मुलाने गाडी करून देतो म्हटलं होतं. वकिलांना एसटीच हवी असते.

लॉजमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. सोलापूरला उतरल्यावर इक्बालभाई वकिलांना स्टँडच्या कँटीनमध्ये चहा देऊन बसवत, स्वतः पुढे येऊन तलवार घेऊन खुर्चीत बसत, आणि ओळखीचा रिक्षावाला वकिलांना पावणेसहाला आणून सोडे. असं का, हे मी गाडी सुटल्यावर इक्बालभाईंना विचारलं.

"आनायचं बी टायलरनं आन् तपासायचं बी टायलरनं, कसं दिसंल त्ये?"

प्रवासाच्या दीड तासात वकिलांनी मला तीनदा विचारलं, आपण कोण. तिन्ही वेळा मी सांगितलं आणि तिन्ही वेळा ते पत्रकारांबद्दल तेच वाईट बोलले. मग इक्बालभाईंकडे बोट दाखवून म्हणाले, "याला मी लॉजमध्ये आणला. रोज संध्याकाळी याच्या केबिनमध्ये बसायचो. गाडी येणार का विचारलं की म्हणायचा, हमी नाही. मी म्हटलं, इतकं खरं बोलणारा माणूस आमच्यात एक तरी पाहिजे. लोक म्हणाले, एसटीतला माणूस, कोण हमी घेणार? मी घेतली. सही आहे माझी." मग ते म्हणाले, "हा अजून कुणाची घेत नाही." आणि खिडकीबाहेर बघत हसले.

वकिलांना डुलकी लागल्यावर मी इक्बालभाईंना विचारलं, ठराव झालाय, एक उत्तर चुकलं तर संपलं. मग येताना त्यांच्याकडून उजळणी का करून घेत नाही?

"पेपर फोडू?" ते म्हणाले. गाडी बेगमपूरचा पूल ओलांडत होती तेव्हा म्हणाले, "पोराचं नाव इसरत्यात. बायको वारली त्ये इसरत्यात. सांगितलं की पुन्ना पयल्यासारखं रडत्यात, म्हनून आता सांगत न्हाई आमी. निस्ती ही उत्तरं पाठ हायत. म्हैन्यातनं एक डाव कुनीतरी त्येंना इचारतं आन् त्यें बरुबर सांगत्यात. तोंड बघितलंय का तुमी त्येंचं, बरुबर म्हटल्यावर?"

मी बघितलं नव्हतं. मी त्या वेळी ॲप्रनची नाडी बांधत असे.

त्यांनी हे कुणाला सांगू नका म्हटलं, आणि मी सांगितलं नाही. आता लिहितो आहे ते त्यांच्या परवानगीने. मजकूर वाचून बघता का, असं विचारलं तर ते म्हणाले, "खरं हाय न्हवं?" मी हो म्हटलं. "मग छापा," ते म्हणाले.

जूनमध्ये वकिलांची उत्तरं बरोबर आली. जुलैत एका उत्तराला त्यांना वेळ लागला. इक्बालभाईंनी घड्याळात न बघता वाट पाहिली. उत्तर आलं. मी वकिलांचं तोंड बघितलं.

ऑगस्टमध्ये मला पोचायला उशीर झाला. सहाला दहा मिनिटं कमी होती. बाकीचे आत गेले होते. मी पायरीवर होतो तेवढ्यात रिक्षा आली. वकिलांच्या कोटाची बटणं एकेक घर चुकून लागली होती. इक्बालभाईंनी तलवार आडवी धरली आणि पहिला प्रश्न विचारला.

वकील ताठ उभे राहिले.

इक्बालभाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याच आवाजात, त्याच गतीने. वकिलांनी तलवारीकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, खुर्चीवरच्या वहीकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला आणि ते थोडे पुढे वाकले, खिडकीशी वाकावं तसे.

"मुजावर, मंगळवेढा गाडी लागणार का हो?"

मी पुढे झालो. मी त्यांच्याबरोबर आठ वर्षं आत बसलो होतो, हमी देऊ शकत होतो. इक्बालभाईंनी माझ्याकडे न बघता डावा हात आडवा केला. मागे येणाऱ्या गाडीला थांबवतात तसा.

"तुमी हात वर केलाता," ते म्हणाले.

सहाला चार मिनिटं कमी होती. आत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

"लागणार, वकीलसाहेब," इक्बालभाई म्हणाले. "साडेआठची."

"नक्की?"

"व्हय. हमी माझी."

वकिलांनी मान डोलावली. इक्बालभाईंनी तलवार खुर्चीला टेकवली, वकिलांच्या कोटाची बटणं काढून पुन्हा लावली, पिशवीतून ॲप्रन काढून त्यांच्या कमरेला बांधला. मग खुर्चीत बसले, वही गुडघ्यावर घेतली आणि पट्टी लावून रकाने भरले. निळ्या शाईने. उठून त्यांनी दारावर ठरलेल्या थापा मारल्या. दार उघडलं, वकील आत गेले. त्यानंतर इक्बालभाईंनी मला माझे प्रश्न विचारले. माझं दुसरं उत्तर चुकलं आणि मला ते परत द्यावं लागलं.

सभा सहा वाजता सुरू झाली. चिलकांनी दाराशी काय झालं ते विचारलं नाही. वकील आत आले म्हणजे उत्तरं दिली, असं त्यांनी धरलं. जेवणात शेवटची शुभेच्छा इक्बालभाईंनी दिली. 'सुखरूप घरी पोचोत' इथे ते थांबले आणि हॉल नेहमीप्रमाणे ओरडला. घुले वकीलही ओरडले.

मंगळवेढा गाडी आठ वाजून चौतीस मिनिटांनी सुटली. स्टँडपर्यंत मी बरोबर गेलो होतो. दोघे चालकाच्या मागच्या बाकावर बसले.

टायलरची वही लॉजच्या कपाटात असते आणि ती कोणत्याही सभासदाला बघता येते. मी ती जानेवारीत पाहिली. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी घुले वकिलांच्या नावापुढे 'प्रश्न' या रकान्यात खूण आहे. 'उत्तर' हा रकाना कोरा आहे. 'हमी' या रकान्यात 'इ. मुजावर, टायलर' अशी सही आहे. सप्टेंबर ते डिसेंबर या चार सभांच्या नोंदी पुढच्या पानांवर आहेत. चारही वेळा प्रश्न विचारल्याची खूण आहे, चारही वेळा उत्तराचा रकाना कोरा आहे आणि चारही वेळा हमीला तीच सही आहे.